नोंद सापडली नाही

आईच्या माकडहाडावरचा चट्टा ताईला दिसला तेव्हा तिला अकोल्याहून येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. बडनेऱ्याला गाडीतून उतरली, ऑटोने घरी आली, हातपाय धुतले आणि थेट आईच्या खाटेशी गेली. आईला कुशीवर घेऊन तिने लाल जागेवर अंगठा दाबला, उचलला आणि नुसती बघत राहिली. दाबल्यावर कातडी पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर तिथे रक्त अजून खेळतंय. दाबूनही लालच राहिली तर आतल्या मांसाला इजा व्हायला लागलीय. आईची लालच राहिली. शेजारी रुपयाएवढी जागा सोललेली होती आणि तिच्यावर पावडर फासलेली होती.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पडूनच होती. एका एजन्सीने पाठवलेली 'सिस्टर' दिवसभर तिच्याजवळ असायची. पांढरा एप्रन, छातीवर नावाची पट्टी, हातात रबरी मोजे. आम्ही ते पाहून निश्चिंत झालो होतो. ताईने तिला शांतपणे विचारलं, "बाई, तू कुठं शिकली? कोणत्या सालची?" ती मुलगी गोंधळली आणि तिने एजन्सीचंच नाव सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एप्रन मात्र दिला होता.

ती जखम भरायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत माझा धाकटा मुलगा पुण्याहून तीनदा येऊन गेला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजीची जखम त्याने एकदाच पाहिली आणि तो बाहेर जाऊन बसला. पुढे रात्री जागून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. डॉक्टर, नर्स, दवाखाना, जे कोणी असेल त्याचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकायचा. ज्या ज्या सरकारी याद्या त्याच्या हाती लागल्या होत्या त्यांत तो शोधणार आणि सांगणार, हा माणूस नोंदलेला आहे की नाही. दिवाळीत ताई आली तेव्हा त्याने तो तिला दाखवायला घेतला. मी आईजवळ बसलो होतो. त्या दुपारी आत्या-भाच्यात जे बोलणं झालं ते मी इथे लिहितो आहे, कारण दोघांचंही मला पटत होतं आणि दोघांवरही मी मधूनमधून चिडलो होतो.

"आत्या, अडचण अशी आहे की यादी एक नाहीच," तो म्हणाला. "एमबीबीएस झालेल्यांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. आयुर्वेद-युनानीवाल्यांची वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दातांची वेगळी, फिजिओथेरपीची वेगळी. तुम्हा नर्सांची परिचर्या परिषदेकडे, १९६६ च्या कायद्याने झालेली. दवाखान्यांची आणखी निराळी. पेशंटच्या घरच्यांना आधी हेच कळत नाही की कोणत्या दाराशी जाऊन विचारायचं. हा प्रोग्राम सगळ्या दारांशी एकदम जातो."

"चांगलं केलं बाप्पा," ताई म्हणाली. "मंग माह्यं नाव टाक बरं."

त्याने टाकलं. लाल फुली आली. खाली लिहिलेलं, नोंद सापडली नाही.

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. पस्तीस वर्षं तिने सरकारी नोकरी केली. अकोल्याचं मोठं रुग्णालय २००२ मध्ये मेडिकल कॉलेजला जोडलं गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ती त्या वॉर्डांतून फिरत होती. काही वर्षं लेडी हार्डिंगला बाळंतिणींत काढली, तीन वर्षं धारणीला. "तुह्या मशीननं मले बोगस करून टाकलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून धाकटा जास्त घाबरला.

"नंबर सांग आत्या. नंबराने शोधू."

लोकांना आपल्या गाडीचा नंबर पाठ असतो तसा ताईला आपला नोंदणी क्रमांक पाठ आहे. तिने तो घडाघडा म्हटला, आणि नोंद आली. आमचं आडनाव, मधे आमच्या वडिलांचं नाव, आणि तिचं माहेरचं पाळण्यातलं नाव. लग्नाआधी नर्सिंग पास झालेली मुलगी ती. नोंदवहीत तशीच राहिली होती. नाव बदलून घ्यायचा अर्ज तिने कधी केलाच नव्हता. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्यांचं नाव अचानक त्या पडद्यावर पाहून मलाही काही सुचेना. ताईने पडद्याला बोट लावलं आणि म्हणाली, "हे मी कमावलेलं हाय. तीन वर्षं होस्टेलमधी राहून. याच्यावर लाल फुली मारायचा तुले कोनं अधिकार देला?"

"मी मारली नाही गं. जुळलं नाही म्हणून…"

"तेच तं सांगून राहिली. जुळलं नाई म्हनजे तुले सापडलं नाई. माह्यात खोट नाई."

इथून पुढे खरा वाद सुरू झाला. न जुळण्याची कारणं किती घरगुती असतात हे त्याला तिनेच दाखवलं. नोंदवह्या इंग्रजीत असतात, आणि आपल्या वऱ्हाडातली आडनावं इंग्रजीत शिरली की त्यांचे हाल होतात. वानखडे आणि वानखेडे ही दोन वेगळी आडनावं, पण कारकुनाच्या हातून एकाचं दुसरं होतं. इंगळेंच्या स्पेलिंगमध्ये मधला 'ए' कुठे असतो, कुठे नसतो. तायडे, गावंडे, ठाकरे, प्रत्येकाची दोन-दोन, तीन-तीन रूपं. बायकांचं तर सासर-माहेर दोन्ही. ताईच्या बॅचच्या बहुतेक मुलींची नोंद माहेरच्या नावाने झालेली. धाकट्याने वही काढून हे लिहून घेतलं. अक्षरांऐवजी उच्चारावरून नाव जुळवायची एक पद्धत असते म्हणाला, ती तो बसवणार होता.

याच कामात त्याला जे सापडलं होतं ते मला फार आवडलं. देशाच्या वैद्यक नोंदवहीत शोधताना परिषद निवडता येते. त्या परिषदांच्या यादीत महाकोशल, हैदराबाद, मुंबई अशी जुनी नावं आहेत आणि 'विदर्भ' असंही एक नाव आहे. महाराष्ट्रासाठी १९६५ चा कायदा होऊन एकच परिषद झाली, त्याआधी इकडच्या डॉक्टरांची नोंद निराळी होत असे. वऱ्हाड कुणाकुणाच्या राज्यात होतं, त्याचा माग असा एका नोंदवहीत राहून गेला आहे.

"मला एक सांग आत्या," धाकटा म्हणाला. "ती एप्रनवाली आपल्या घरी आली त्या दिवशी बाबांनी तिचा नोंदणी क्रमांक विचारला असता, तर आजीला हे झालं असतं का?"

ताई काही बोलली नाही. मी खाली पाहत होतो. विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आपल्याकडे डॉक्टरला, नर्सला नंबर विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आपण धरून चालतो. मुलीचं स्थळ पाहताना सात पिढ्या खणून काढतो आणि आईचं अंग ज्याच्या हाती द्यायचं त्याचा कागद पाहत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेने 'नो युवर डॉक्टर' नावाने क्यूआर कोड आणले. दवाखान्यात लावलेल्या कोडवर मोबाइल धरला की त्या डॉक्टरची नोंद दिसावी, अशी ती सोय. माझ्या मते त्यात सगळ्यात चांगलं हे की तोंडाने विचारायची भीड उरत नाही.

"मी यादीच्या इरोधात नाई," ताई शेवटी म्हणाली. "धारणीले व्हती नं मी. तापानं फणफणलेलं लेकरू आनत, अन् पोटावर चटक्याचे डाग. डम्मा म्हनतात त्याले तिकडे. इळा गरम करून पोटावर देतात. भूमक्यानं, म्हंजे तिकडच्या वैदूनं, देलेला रायते. भूमक्याची कोनत्या यादीत नोंद हाय? त्याले अनुभव नाई का? गंज हाय. पन लेकरू मरे. म्हनून म्हंते, नोंद पायजे. पन नोंद हाय म्हनजे झालं, असं नको म्हनू. बैरागडच्या कोल्हे डॉक्टरांचं काय लिवलं हाय रे तुह्या यादीत?"

धाकट्याने उत्तर दिलं ते मला वाटलं त्याहून प्रामाणिक होतं. "डॉक्टर रवींद्र कोल्हे एमबीबीएस, एमडी, म्हणजे एका परिषदेत. डॉक्टर स्मिता कोल्हे होमिओपॅथीच्या, म्हणजे दुसऱ्या. दोघं एकाच गावात, त्याच पेशंटांसाठी आयुष्य घालवतात, २०१९ मध्ये दोघांना मिळून पद्मश्री मिळाली. माझ्या प्रोग्राममध्ये मात्र ते एकमेकांशेजारी कधीच येणार नाहीत. आणि त्यांची ओळ कुठल्याही डॉक्टरच्या ओळीएवढीच. नाव, पदवी, वर्ष, क्रमांक."

"पाह्य मंग."

"थांब, तुझ्या बाजूचं आणखी एक मीच सांगतो. इंग्लंडमध्ये झोलिया अलेमी नावाची एक बाई होती. न्यूझीलंडची डॉक्टरकीची पदवी आहे म्हणून तिने १९९५ मध्ये ब्रिटनच्या नोंदवहीत नाव लावलं आणि दोन दशकं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलं. कागद बनावट होते. २०२३ मध्ये मँचेस्टरच्या कोर्टाने तिला सात वर्षांची शिक्षा दिली. त्या काळात माझ्यासारख्या कोणी तिथे असा प्रोग्राम लिहिला असता, तर तिच्या नावापुढे हिरवी खूण आली असती."

ताईने कपाळाला हात लावला. आपला मुद्दा समोरच्यानेच सिद्ध करून दिला की बोलायला जोर राहत नाही, तसं तिचं झालं. पण धाकट्याला थांबायचं नव्हतं. "तरी मला यादीच हवी आहे. कारण ती पकडली गेली तेव्हा नोंदवही होती म्हणूनच कळलं, कुणी तपासलं नाही, कुठे तपासलं नाही. नोंदवहीच नसती तर जाब कुणाला विचारायचा? आजीच्या बाबतीत आपण कुणाला विचारला? एजन्सीने फोन उचलणं बंद केलं, संपलं."

हा त्याचा सगळ्यात खरा मुद्दा होता, आणि त्या दुपारी तो पहिल्यांदा स्पष्ट बोलला. त्याने मग तिला सगळं सविस्तर सांगितलं. खाटा असलेल्या खाजगी दवाखान्यांसाठी आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. शहरात महापालिका आणि बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा ती नोंदणी करते. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आलं. देशाचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही. पण हे सगळं दवाखान्याच्या दरवाजापर्यंत. माणूस स्ट्रेचरवरून घरच्या खाटेवर आला की यातलं काहीच त्याच्यामागे येत नाही. घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला हे कायदे लागू होत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक लोकसभेत आलं होतं. वृद्धांना घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी केली पाहिजे, असं त्यात होतं. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच बारगळलं. इंग्लंडमध्ये अंघोळ घालायला, औषध द्यायला घरी माणूस पाठवणाऱ्या एजन्सीलाही केअर क्वालिटी कमिशनकडे नोंद करावी लागते. तपासणी होते, चारपैकी एक श्रेणी मिळते आणि ती कुणालाही पाहता येते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तो सगळा साठा उघडा असतो.

"माझ्या प्रोग्रामला मुळात हेच शोधायचं होतं, आत्या. आजीकडे येणारी बाई कोण. आणि नेमकी तीच यादी देशात नाही. म्हणून मी डॉक्टर-नर्सच्या याद्या जोडत बसलो."

मला विचाराल तर त्या दुपारचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. ताईला ते तसं वाटलं नाही. तिचं मन दुसरीकडेच गेलं होतं.

"अन् तशी यादी केली तं तिच्यात कोन येईल?" तिने विचारलं. "कागदवाल्याच येतील नं? सहा महिन्याचा कोर्स करा, फी भरा, परीक्षा द्या. सातवी-आठवी शिकलेल्या बाया हायेत ह्या. नवरा दारू पेते, म्हनून बारा-बारा घंट्याची डुटी करतात. उद्या तुह्यासारखा पोट्टा मोबाइल पुढं करन अन् म्हनन, तुहं नाव नाई यादीत, अर्धेच पैसे देईन. तुह्या लाल फुलीनं अशी बाई उपाशी मरन. आमच्या वॉर्डात अशाच बायाईनं माणसं जगवली. सिस्टर एक अन् खाटा साठ. रात्री कूस कोन बदले? मी? मले दोनच हात व्हते."

"मग काय, कोणाचीच नोंद नको?"

"मी असं कवा म्हटलं?"

दोघंही गप्प झाले. भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी लावलेल्या कोऱ्या कागदावर ताईने पेन्सिलीने तक्ता आखलेला आहे. सकाळी सात उजवी, नऊ पाठ, अकरा डावी. प्रत्येक वेळेपुढे बारीक टिंब. टिंब म्हणजे अंगठा लावून पाहिला. त्या एप्रनवालीच्या जागी आता बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतून एक मावशी येते. तिला वाचता येतं, लिहायचा कंटाळा आहे, म्हणून टिंबं. ताईने तिला पहिल्या दिवशी स्वतःच्या हातावर अंगठा दाबून शिकवलं, मग आईच्या टाचेवर, मग माकडहाडावर. आठवड्याने मावशीनेच ताईला फोन करून सांगितलं होतं की डाव्या टाचेचा रंग बरोबर वाटत नाही. रंग खरंच बरोबर नव्हता. पायाखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली, दोन दिवसांत कातडी पूर्ववत झाली.

शेवटी भांडण एका लहान जागेवर येऊन थांबलं. न सापडलेल्या नावापुढे प्रोग्रामने काय लिहायचं? धाकट्याचं म्हणणं, लोकांना हिरवं किंवा लाल हवं असतं. चार ओळी लिहिल्या तर कोणी वाचत नाही. घाबरलेला माणूस रात्री अकरा वाजता मोबाइल पाहत असतो, त्याला निबंध नको. ताईचं म्हणणं, घाबरलेल्या माणसाला खोटं सांगणं जास्त वाईट. लाल फुली काढून टाक म्हणाली. बराच वेळ खोडाखोड करून असं ठरलं:

"या नावाची नोंद आम्हाला सापडली नाही. नाव माहेरचं असू शकतं, स्पेलिंग वेगळं असू शकतं. त्यांना नोंदणी क्रमांक विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे."

शेवटचं वाक्य ताईचं. डॉक्टर म्हणवणारा माणूस क्रमांक सांगत नसेल तर महापालिकेच्या किंवा तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जा, ही ओळ धाकट्याने वेगळी ठेवली, तिच्यावर दोघांचं एकमत होतं. आणि हिरवी खूणही काढायची का, यावर मात्र झालं नाही. नोंद आहे एवढंच लिही, खूण नको, असं ताई म्हणत राहिली. खूण काढली तर हे कोणी वापरणार नाही, असं तो म्हणत राहिला. मला ताईचं पटतं. त्याने अजून खूण काढलेली नाही.

मावशी हे सगळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. हातात आईच्या चहाची कपबशी. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने कपबशी टेबलावर ठेवली आणि धाकट्याला विचारलं, "भाऊ, त्याच्यात माह्यं नाव टाकता येते का?"

ताईने मान वर केली.

"आधीची एजन्सी माह्ये निम्मे पैसे ठुये," मावशी म्हणाली. "मी इचारलं तं म्हने, तुले कोन वयखते, आमचं नाव हाय म्हून तुले काम हाय. त्याच्यात माह्यं नाव असलं, तं लोकं सीधे मलेच फोन करतीन नं?"

यादीने जिची रोजी जाईल म्हणून ताई तासभर भांडली, तिलाच ती यादी हवी होती. ताईच्या चेहऱ्यावर हे उमटलेलं मी पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "परीक्षा घेतीन, बाई. फी लागन."

"घेऊ द्या. तुमी नाई का घेतली माह्यी?"

धाकट्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि मग हात आवरता घेतला. "मावशी, मला नाव घालता येत नाही त्यात. मी फक्त दुसऱ्यांनी केलेल्या याद्या वाचतो."

"मंग ज्याईची यादी हाय त्याईले सांगा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी ताईकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, पाच वाजले होते. मावशी तक्त्याशी गेली, पाचच्या पुढे काय लिहिलं आहे ते बोट ठेवून वाचलं, आणि आईच्या खांद्याखाली हात घालत धाकट्याला म्हणाली, "भाऊ, तिकडून चादर धरा. डावी."